सायकलिंगमधल्या स्प्रिंटरांसाठी मोसमाच्या सुरुवातीला वेगळी टप्प्यांची शर्यत हवी का?

आडवावारा

२०२५ च्या यूएई टूरचा निकाल पुन्हा चाळत होतो, त्यावरून हा धागा काढतोय. सात टप्पे होते. एक टाइम ट्रायल (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध), चार सपाट, दोन डोंगरावर संपणारे. सपाट चारांपैकी दोन जोनाथन मिलानने मारले, दोन टिम मर्लियेने. दोघेही स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत सुसाट सुटून जिंकणारे. जबल जैस आणि जबल हफीत हे दोन्ही डोंगर पोगाचारने मारले आणि शर्यतही त्यानेच जिंकली. पोगाचारच्या जिंकण्यावर कोण काय बोलणार? माझा आक्षेप आखणीवर आहे. एकूण वेळ सगळ्यात कमी तो शर्यत जिंकतो, आणि टप्पा जिंकला की त्या वेळेतून वजा होणारा १० सेकंदांचा बोनस मिळतो, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ४. चारही सपाट टप्पे एकाच गड्याने जिंकले तरी त्याच्या पदरात ४० सेकंद पडतात. जबल हफीतचा चढ जवळपास ११ किलोमीटरचा. मिलानसारखा उंच, धिप्पाड गडी तिथे कित्येक मिनिटं मागे राहतो. पहिल्या दिवशी सायकलवर टांग टाकतानाच त्याला माहीत असतं की एकूण निकालाशी आपलं देणंघेणं नाही.

हे कायमच असं नव्हतं. टूर ऑफ कतार आठवते का? २००२ ते २०१६, दर वर्षी मोसमाच्या सुरुवातीला, आणि डोंगर औषधालाही नाही. टॉम बोनेनने ती २००६, २००८, २००९ आणि २०१२ अशी चार वेळा जिंकली. तिथले २२ टप्पे त्याच्या नावावर आहेत. २०१३ मध्ये कॅव्हेंडिशने शेवटचे चार टप्पे ओळीने मारून शर्यत जिंकली, २०१६ मध्ये पुन्हा जिंकली. शेजारी २०१४ मध्ये दुबई टूर सुरू झाली. तिचे विजेते पाहा: २०१५ कॅव्हेंडिश, २०१६ आणि २०१७ किटेल, २०१८ विवियानी. प्रायोजक मिळेनात म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये कतारची शर्यत बंद झाली. दुबईची अबुधाबीच्या शर्यतीत मिसळली आणि २०१९ पासून त्या दोन्हींची मिळून यूएई टूर झाली, म्हणजे वर उल्लेख केलेली दोन डोंगरांची शर्यत. इटलीत मार्चमध्ये होणारी तिरेनो-आद्रियातिको पूर्वी २००३ मध्ये पोझ्झातो आणि २००५ मध्ये फ्रेइरेसारखे वेगवान गडी जिंकून जायचे. २०१२ पासून तिथे निबाली, कॉन्तादोर अशी नावं दिसू लागली.

मोसमाच्या सुरुवातीलाच का, हा पुढचा प्रश्न. स्प्रिंट एकट्याच्या पायांवर होत नाही. शेवटच्या तीन किलोमीटरांत चार-पाच गडी एका ओळीत लावावे लागतात, यालाच ट्रेन म्हणतात. पहिला वारा अंगावर घेतो, दमला की बाजूला होतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटचा, म्हणजे लीडआउट, ताशी साठच्या पुढे नेऊन आपल्या स्प्रिंटरला अखेरच्या दोनशे मीटरवर मोकळा सोडतो. कोणी कधी बाजूला व्हायचं, गोलचौक आला तर कोणत्या अंगाने घुसायचं, मागचा माणूस सुटला तर पुढच्याला ओरडून कसं कळवायचं, हे सराव शिबिरात बसत नाही. तिथे दोन्ही बाजूंनी खांदे मारणारे दुसरे संघ नसतात. हिवाळ्यात करार बदलतात, नवा लीडआउट येतो, नवी ट्रेन जुळवावी लागते. त्यासाठी लागोपाठ चार-पाच दिवस खऱ्या स्प्रिंट हव्यात, आणि त्या दिवसांना शर्यतीत वजन हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे: जानेवारी-फेब्रुवारीत निदान एक अशी टप्प्यांची शर्यत असावी, जिच्यात एकही डोंगर नाही आणि जिचं एकूण विजेतेपद वारा, रस्ता आणि स्प्रिंट यांवर ठरतं. तुमची मतं लिहा. विरोधी असतील तर जास्त आवडेल.

घाटमाथा

चांगला धागा. मी विरोधी बाजूने लिहितो.

स्प्रिंटरांना काय कमी आहे? टूर द फ्रान्समध्ये त्यांच्यासाठी हिरवी जर्सी आहे. एकदिवसीय शर्यतींत फेब्रुवारीत क्लासिका द अल्मेरिया आहे, एप्रिलमध्ये शेल्डेप्रेस आहे, मिलान-सान रेमो तर स्प्रिंटरांची क्लासिक म्हणूनच ओळखली जाते. प्रत्येक शर्यतीत टप्पे जिंकायची संधी मिळते ती वेगळीच. टप्प्यांच्या शर्यतीचं एकूण विजेतेपद मात्र सर्वांगीण सायकलपटूचं असावं. चढ, उतार, वारा, टाइम ट्रायल, थकवा, या सगळ्यांतून जो कमी वेळात पार पडतो तो विजेता. डोंगर काढून टाकला तर त्या परीक्षेतला सगळ्यात अवघड पेपरच रद्द होतो.

प्रेक्षकांचाही विचार करा. सपाट टप्प्यात तीन गडी पहिल्या किलोमीटरला पळतात, मागचा जथा त्यांना चार मिनिटं देतो आणि शेवटच्या दहा किलोमीटरांत गिळतो. बघण्यासारखी पंधरा मिनिटं. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत लोक कुठे उभे राहतात? बोरघाटात. 'घाटाचा राजा' कोण झाला हे लोकांच्या लक्षात राहतं, पनवेलच्या सपाट रस्त्यावर कोण पुढे होतं ते कोणी विचारत नाही.

शिवाय वेगवान गडी आजही टप्प्यांच्या शर्यती जिंकतातच. २०२४ च्या फेब्रुवारीत माड्स पेडरसनने एत्वाल द बेसेज आणि टूर द ला प्रोव्हान्स या दोन्ही जिंकल्या. मग राखीव जागा कशाला?

चौथा_गिअर

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

वैदेही_दोहा

कतारच्या शर्यतीचा विषय निघाला आहे तर लिहायलाच हवं. शर्यत चालू होती त्या काळात आम्ही दोह्यातच होतो. शेवटचा टप्पा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कॉर्निशवर संपायचा. मुलांना घेऊन आम्ही समुद्राच्या बाजूला उभे राहायचो. गर्दी फारशी नसे. आपल्यासारखे बाहेरून आलेले लोक, काही युरोपियन कुटुंबं, थोडे स्थानिक.

पण खरी शर्यत शहराबाहेर, वाळवंटात व्हायची. नवऱ्याच्या कंपनीची साइट उत्तरेकडे होती, त्यामुळे एकदा रस्त्यालगत थांबून बघायला मिळालं. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे काहीही नाही, आणि डाव्या अंगाने असा वारा की गाडीचं दार उघडताना हातातून निसटत होतं. आधी पोलिसांच्या मोटारसायकली गेल्या. मग एक गट आला, वीसेक जण, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरके पसरलेले. कोणाच्या तोंडातून शब्द नाही, फक्त चाकांचा आणि साखळ्यांचा आवाज. त्यांच्यामागे बऱ्याच वेळाने दुसरा तसाच तिरका गट. मग तिसरा. आणि सगळ्यात शेवटी एकेकटे, उजव्या कडेच्या वाळूला घासत, मान खाली घालून चाललेले. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. डोंगर चढणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर जे दिसतं त्यापेक्षा हे काही कमी नव्हतं. सपाट म्हणजे सोपं, असं ते बघितल्यावर मी कधीच म्हणणार नाही.

आणि शर्यत सपाट असली तरी निकाल ठरलेला नसायचा. २०१६ मध्ये एडवाल्ड बोआसन हागेन टाइम ट्रायल जिंकून आघाडीच्या सोनेरी जर्सीत आला होता. दुसऱ्याच दिवशी वाऱ्यात त्याची चाकं पंक्चर झाली, गट पुढे निघून गेला आणि आघाडी कॅव्हेंडिशकडे गेली. अशा वाऱ्यात एकदा गट सुटला की एकट्याने परत गाठणं जवळपास अशक्य असतं.

आडवावारा

वैदेहीताई, फार आभार. मला जे सांगायचं होतं ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय.

घाटमाथा, 'सगळ्यात अवघड पेपर' डोंगराचाच, हे गृहीत का धरायचं? अवघड कोणाला, यावर ते अवलंबून आहे. साठ किलोच्या क्लाइंबरला, म्हणजे डोंगर चढण्यात तरबेज गड्याला, कतारच्या वाऱ्यात पुढच्या गटात टिकणं तितकंच अवघड जातं. आणि सपाट शर्यत फक्त स्प्रिंटरच जिंकतो असंही नाही. २०१४ आणि २०१५ ची कतार निकी टेर्पस्ट्राने जिंकली. तो दगडी रस्त्यांवरचा ताकदीचा गडी, २०१४ मध्ये पॅरिस-रूबे जिंकलेला. २०११ मध्ये मार्क रेनशॉ जिंकला, जो आयुष्यभर कॅव्हेंडिशचा लीडआउट म्हणून ओळखला गेला. त्याच्यासारख्या माणसाला टप्प्यांच्या शर्यतीचं एकूण विजेतेपद दुसरीकडे कुठे मिळालं असतं?

पेडरसनचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. तो शुद्ध स्प्रिंटर नाही, छोटे चढ पार करून जातो. तिथले चढ बेताचे होते म्हणून त्याला जिंकता आलं. म्हणजे डोंगर बाजूला ठेवला की शर्यत ओस पडत नाही, उलट वेगळ्या प्रकारचा माणूस जिंकण्यासाठी झटतो. मी मागतोय ते त्याच्या एक पाऊल पुढचं.

कॅसेट_अकरा

गुणांचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडलंय.

यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेची २०२० ते २०२२ ची गुणपद्धत घ्या. १.१ श्रेणीची, म्हणजे खालच्या दर्जाची एकदिवसीय शर्यत जिंकली की १२५ गुण. त्याच दर्जाच्या, म्हणजे २.१ श्रेणीच्या, टप्प्यांच्या शर्यतीत एक टप्पा जिंकला की १४ गुण. दोन्हीकडे स्प्रिंट तीच, प्रतिस्पर्धी बरेचसे तेच, जोखीम तीच. मग संघाचा मॅनेजर आपल्या स्प्रिंटरला कुठे पाठवेल? २०२२ मध्ये वर्ल्डटूरमधलं, म्हणजे सर्वोच्च श्रेणीतलं, स्थान टिकवण्यासाठी लोट्टो सूदाल संघाने नेमकं हेच केलं. विशीतल्या आर्नो डे लीला बेल्जियम-फ्रान्समधल्या एकदिवसीय शर्यतींवर सोडलं आणि त्याने एकामागून एक जिंकत गुण आणले. तरी वर्षाअखेर संघ वर्ल्डटूरच्या बाहेर गेलाच. २०२३ पासून टूर द फ्रान्सच्या टप्प्याचे गुण १२० वरून २१० झाले. छोट्या शर्यतींच्या टप्प्यांचे गुण मात्र त्या मानाने किरकोळच आहेत.

म्हणून स्प्रिंटरांसाठी टप्प्यांची शर्यत काढायची तर एकूण विजेतेपद त्यांच्या आवाक्यात असायला हवं, कारण मोठे गुण एकूण क्रमवारीलाच असतात. नुसते चार सपाट टप्पे आणि वर एक डोंगर, असा मेनू दिला तर मॅनेजर म्हणणार की त्यापेक्षा आपण एकदिवसीय शर्यती धरू.

घाटमाथा

कॅसेट, मग उपाय सोपा आहे की. टप्प्यांचे गुण वाढवा. त्यासाठी नवी शर्यत कशाला? स्पेनमधल्या मायोर्काची पद्धत बघा. तिथे जानेवारीअखेरीस लागोपाठ एकदिवसीय शर्यती होतात, ज्याला जी झेपते ती त्याने धावायची. डोंगराच्या दिवशी क्लाइंबर, सपाट दिवशी स्प्रिंटर. प्रत्येक दिवस स्वतंत्र, प्रत्येकाला पूर्ण गुण. स्प्रिंटरांची सोय होते आणि टप्प्यांच्या शर्यतीचं स्वरूपही बिघडत नाही.

अ‍ॅडलेडकर

आमच्या घराजवळून टूर डाउन अंडर ही ऑस्ट्रेलियातली टप्प्यांची शर्यत जाते, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

इथे सुरुवातीला स्प्रिंटरांचंच राज्य होतं. आंद्रे ग्रायपेल २००८ आणि २०१० मध्ये ही शर्यत जिंकला. त्याचे इथले १८ टप्पे हा विक्रम आहे. तेव्हाही विलंगाची टेकडी मार्गात होती, पण शर्यत ती चढून खाली उतरून गावात संपायची, त्यामुळे मागे पडलेले स्प्रिंटर परत गाठायचे. २०१२ पासून टप्पा टेकडीवरच संपू लागला आणि चित्र बदललं. २०१४ ते २०१९ सलग सहा वर्षं तो टप्पा रिची पोर्टने मारला. सॅम वेल्सफोर्डने २०२४ आणि २०२५ मध्ये तीन-तीन टप्पे जिंकले, पण एकूण क्रमवारीत त्याचा विचारही कोणी केला नाही.

तरी मी आडवावाराशी पूर्ण सहमत नाही. विलंगाचा चढ तीनेक किलोमीटरचाच आहे. एवढ्याशा चढाने काय होतं बघा. २०१२ मध्ये सायमन गेरान्स आणि वाल्व्हेर्दे यांचा एकूण वेळ अगदी सारखा आला आणि टप्प्यांमधल्या क्रमांकांवरून गेरान्स जिंकला. २०१८ मध्ये डॅरिल इम्पी आणि पोर्ट यांचं पुन्हा तेच झालं. विलंगावर पोर्ट पुढे गेला, इम्पी जिवाच्या आकांताने आठ सेकंदांवर आला, आणि आधीच्या दिवसांत गोळा केलेल्या बोनसच्या सेकंदांनी त्याला तारलं. त्या दिवशी मी टेकडीवर होतो. निकाल कळेपर्यंत लोक जागचे हलले नाहीत. सपाट दिवसांतला एकेक सेकंद शेवटी मोजला गेला. मला वाटतं असं गणित जमवणारा छोटा चढ हवा. अकरा किलोमीटरचा डोंगर नको आणि शून्य चढही नको.

आडवावारा

अ‍ॅडलेडकर, तुमचा मुद्दा मनापासून आवडला, पण त्यात जिंकले ते गेरान्स आणि इम्पी. दोघंही वेगवान, पण चढ जमणारे. ग्रायपेल किंवा वेल्सफोर्डला तीन किलोमीटरही पुरेसे बुडवतात. दुबईने यावर एक तोडगा काढला होता. हत्ता धरणाच्या भिंतीकडचा शेवटचा चढ, जेमतेम दोनशे मीटर, पण १७ टक्क्यांचा. २०१५ मध्ये तिथे डेगेनकोल्ब जिंकला, २०१८ मध्ये कोल्ब्रेल्ली. तिथे किटेल आणि कॅव्हेंडिशचे सेकंद जायचे, मिनिटं जायची नाहीत, आणि गेलेले सेकंद दुसऱ्या दिवशी बोनसने भरून काढता यायचे. तुम्ही म्हणता ते गणित तिथेही होतं, आणि त्यात शुद्ध स्प्रिंटरही धरलेला होता.

मायोर्काबद्दल: ती व्यवस्था चांगली आहे, पण तिथे आज पडलेला उद्या घरी बसू शकतो. काल वाऱ्यात वीस सेकंद गेले म्हणून आज वाटेतल्या मधल्या स्प्रिंटच्या बोनससाठी जीव काढायचा, ही ओढ एकदिवसीय शर्यतींच्या मालिकेत येत नाही.

मृण्मयी_गेंट

बायकांच्या शर्यतीचा उल्लेखच नाही अजून, म्हणून लिहिते.

कतारमध्ये महिलांची शर्यत २००९ पासून २०१६ पर्यंत झाली. त्या काळी महिलांच्या कॅलेंडरमध्ये फेब्रुवारीत फारसं काही नसायचं, त्यामुळे मोसम तिथूनच सुरू व्हायचा. कर्स्टन विल्ड चार वेळा जिंकली: २००९, २०१०, २०१३, २०१४. उंच, दणकट बांध्याची डच बाई, ट्रॅकवर विश्वविजेती, आणि डोंगर दिसला की मागे. पण तिच्याशिवाय कोण जिंकलं बघा. २०११ मध्ये एलन फान डाइक, २०१२ मध्ये युडिट आर्न्ट, २०१५ मध्ये लिझी आर्मिटस्टेड. दोघी टाइम ट्रायलच्या दिग्गज, तिसरी त्याच वर्षी रोड रेसची विश्वविजेती. सपाट शर्यतीत एकाच साच्याचे विजेते होतात म्हणणाऱ्यांनी ही यादी नजरेखालून घालावी.

आता २०२३ पासून महिलांची यूएई टूर आहे आणि तिथेही जबल हफीत. २०२३ एलिसा लोंगो बोर्गिनी, २०२४ लोट्टे कोपेकी, २०२५ पुन्हा लोंगो बोर्गिनी. लोरेना वीबेस आज जगातली सगळ्यात वेगवान बाई आहे यात इथे बेल्जियममध्ये कोणाला शंका नाही. सपाट दिवशी ती येते, जिंकते, आणि डोंगराच्या दिवशी तिचं नाव यादीत शोधावं लागतं. विल्डला जे मिळालं ते वीबेसला मिळू नये याचं मला खरंच वाईट वाटतं. महिलांच्या शर्यती कमी दिवसांच्या असतात, त्यामुळे एका डोंगराने होणारं नुकसान त्यांच्याकडे अजूनच मोठं.

घाटमाथा

मृण्मयीताई, यादी खरंच बोलकी आहे. महिलांच्या बाबतीत मी विरोध मागे घेतो.

पण सुरक्षिततेचं काय? ५ ऑगस्ट २०२० ला पोलंडमध्ये कातोविचेला काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. स्प्रिंटमध्ये ग्रोनेवेगनने आपली सरळ रेषा सोडली, फाबियो याकोब्सन कठड्यावर आदळला आणि जिवावरच्या दुखापतीतून वाचला. मोसमाच्या सुरुवातीला पाय ताजे, प्रत्येकाला पहिला विजय हवा, ट्रेन अजून जुळलेल्या नाहीत. अशा वेळी पाच दिवस रोज सामूहिक स्प्रिंट लावायची? डोंगराच्या टप्प्यात निदान शंभर माणसं एका कोपऱ्यात घुसत नाहीत.

चौथा_गिअर

रुमाल टाकला होता, आता बसतो.

कातोविचेचा शेवट उतारावर होता. वेग ८० च्या आसपास गेला होता आणि कठडे आदळल्यावर उखडले. ते आखणीचं पाप होतं आणि त्या रस्त्याबद्दल सायकलपटू आधीपासून बोलत होते. सरळ, रुंद, किंचित चढाचा शेवटचा किलोमीटर आणि नीट जोडलेले कठडे दिले तर धोका बराच उतरतो. खास स्प्रिंटरांसाठीच शर्यत काढली तर आयोजकाला शेवटच्या तीन किलोमीटरांचा विचार सगळ्यात आधी करावा लागेल. आज बऱ्याच शर्यतींत तो सगळ्यात शेवटी होतो, कारण पैसे देणाऱ्या गावाला शर्यत आपल्या जुन्या चौकातच संपायला हवी असते.

अजून एक. एकूण विजेतेपद कोणाच्या आवाक्यात आहे यावर गर्दी ठरते. डोंगरवाली शर्यत असेल तर सपाट दिवशीही क्लाइंबर आणि त्यांचे संघ पुढे राहायला बघतात, कारण मागे फूट पडली तर सेकंद जातात. म्हणजे स्प्रिंटच्या तोंडावर दुप्पट गर्दी. क्लाइंबर नसलेल्या शर्यतीत ती गर्दीच कमी होईल.

सांगलीकर_सायकल

आडव्या वाऱ्यावर बोलताय म्हणून आलो. आमच्या सांगली भागात पोरं लहानपणापासनं शर्यती मारतात, आणि आषाढात पंढरपूर रस्त्याला वारा कसा असतोय ते ज्यानं सायकल मारली त्यालाच ठाऊक. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या नाहीत.

तिथं आम्ही सहा-सात जण मिळून जातो. वारा डावीकडनं असला की पुढचा गडी डाव्या अंगाला राहतो, मागचा त्याच्या उजव्या बाजूला, थोडा मागं, त्याचं पुढचं चाक पुढच्याच्या पेडलपाशी. असं करत तिरकी रांग लागते. पुढचा अर्धा मिनिट वारा खातो, मग मागं सरकतो आणि आडोशानं रांगेच्या शेवटाला येतो, तोवर दुसरा पुढं आलेला असतोय. रस्ता रुंदीला जेवढा तेवढीच माणसं रांगेत बसतात. सात जणांची जागा असंल आणि आठवा आला तर त्याला आडोसा नाही. तो डांबराच्या कडेला, एक चाक मुरुमावर, पुढच्याच्या अगदी मागं. दोन मिनिटं टिकतोय, मग चाकाचं अंतर वाढतंय. एक सायकलभर अंतर झालं की खेळ खल्लास. मग पायांत कितीबी दम असू दे.

वस्ताद सांगायचे, वाऱ्यात ताकद नंतर, आधी जागा. कोणत्या वळणानंतर वारा आडवा येणार हे आधी माहीत पाहिजे आणि त्या वळणाआधी पुढं असलं पाहिजे. हे शिकायला डोंगर कामाचा नाही. म्हणून माझं मत सपाट शर्यतीला. आणि घाटमाथा भाऊ, बोरघाट आम्हालाबी प्यारा हाय, पण खोपोलीपर्यंत पुढच्या घोळक्यात राहिलेलाच घाटाचा राजा होतोय.

घाटमाथा

सांगलीकर, शेवटचं वाक्य बिनतोड आहे.

कॅसेट_अकरा

आपल्याकडचाच विषय निघाला म्हणून विचारतो. जानेवारी २०२६ च्या पुणे ग्रँड टूरसारख्या शर्यतीला हा साचा लागू पडेल का?

आडवावारा

ती २.२, म्हणजे आणखी खालच्या श्रेणीची, तिथे मोठे स्प्रिंटर येत नाहीत. पुण्याची ओळख सह्याद्रीचे घाट हीच आहे, ते काढून सपाट शर्यत करावी असं मी म्हणणार नाही. ज्या जागेला जे आहे ते तिथे असावं. त्याच न्यायाने जिथे वारा आणि सपाटी आहे तिथे उगाच दूरचा डोंगर शोधून मार्गात घालू नये.

आता इतकी चर्चा झाली आहे तर माझ्या मनातली शर्यत नीट मांडतो. जागा: दक्षिण फ्रान्समधला कामार्गचा पाणथळ प्रदेश, रोन नदीच्या मुखाजवळ. सपाट, उघडा, आणि मिस्त्राल वारा हिवाळ्यात उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून खाली घोंघावत येतो. युरोपातच असल्याने संघांचा खर्च कमी. कतारला विमानाने सगळा लवाजमा न्यावा लागायचा. वेळ: फेब्रुवारीचा पूर्वार्ध. पाच दिवस. दुसऱ्या दिवशी आठ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे टेर्पस्ट्रा किंवा फान डाइकसारख्यांना आधार मिळेल आणि स्प्रिंटरचं नुकसान वीस-तीस सेकंदांच्या आत राहील. चौथ्या दिवशी हत्तासारखा एकच आखूड, तीव्र चढ. हे अ‍ॅडलेडकरांसाठी. उरलेले तीन टप्पे सपाट, पण समुद्रकाठच्या अशा रस्त्यांवर की वाऱ्याची दिशा वळणागणिक बदलेल. मधल्या स्प्रिंटला सध्या ३, २, १ सेकंद मिळतात. रोज दोन-दोन मधल्या स्प्रिंट ठेवायच्या. त्याच आठवड्यात, त्याच रस्त्यांवर महिलांचीही शर्यत, तितक्याच दिवसांची.

मृण्मयी_गेंट

तितक्याच दिवसांची, हे वाचून बरं वाटलं. सकाळी महिलांची आणि दुपारी पुरुषांची असा क्रम ठेवला तर कठडे, पोलीस, कॅमेरे सगळं एकदाच लागेल. इथे फ्लँडर्समध्ये एकाच दिवशी दोन्ही शर्यती होतात, लोक सकाळपासून रस्त्यावर असतात.

घाटमाथा

कामार्गला माझा विरोध नाही. वारा नसेल त्या वर्षी शर्यत मिळमिळीत होईल ही शंका कायम आहे, पण बर्फामुळे डोंगराचे टप्पेही रद्द होतातच, तेव्हा तो आक्षेप फार ताणत नाही. अट एकच: वर्ल्डटूरमध्ये नको. सगळ्या मोठ्या संघांना सक्तीने यावं लागेल आणि क्लाइंबर नाइलाजाने पाच दिवस मागे रखडतील. त्याखालच्या प्रो सिरीजमध्ये ठेवा, ज्यांना यायचं ते येतील.

आडवावारा

मान्य. कतारही शेवटपर्यंत एचसी, म्हणजे तेव्हाच्या वर्ल्डटूरखालच्या, श्रेणीतच होती, तरी बोनेन, कॅव्हेंडिश, क्रिस्टॉफ सगळे आपणहून यायचे. २०१७ ला ती वर्ल्डटूरमध्ये जाणार होती आणि त्याआधीच बंद पडली. फक्त कॅसेटने सांगितलेला गुणांचा हिशोब बदलायला हवा. प्रो सिरीजच्या टप्प्याला एकदिवसीय शर्यतीच्या निम्मे तरी गुण हवेत, नाहीतर कामार्गमध्ये वारा असेल आणि स्प्रिंटर अल्मेरियाला गेलेले असतील.